मुरबाडच्या बाजारात चांदणीने मला गाठलं

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना उगाच तुमच्या छातीत धडधड नको. म्हशीने मला मारलं नाही. माझी हाडं जागच्या जागी आहेत आणि दातही. जे काढून ठेवता येतात तेसुद्धा. एक चप्पल तेवढी मुरबाडला राहिली.

माझं सगळं आयुष्य सोलापुरात गेलं. मुलगा कल्याणला असतो. त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आठ दिवस झाले की मी खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजायला लागते. सूनबाईंनी ते ओळखलं आणि म्हणाल्या, "आई, या वेळी माझ्या माहेरी जाऊन याच. नवा तांदूळ आलाय." माहेर म्हणजे मुरबाडपासून दोनेक कोसांवरचं छोटं गाव. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, पण विहीणबाईंच्या दारात मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. दर वर्षी त्या बोलवायच्या आणि दर वर्षी माझे गुडघे ऐन वेळी दुखायचे.

त्या बाजूने मी पूर्वी एकदा गेले होते, म्हणजे गेल्याचं छापून आलेलं आहे! शाळेत नवी मास्तरीण होते तेव्हा मुलींची सहल घेऊन माळशेज घाटाने मुंबईला गेलो होतो. डोक्यावर मोठा अंबाडा, डोळ्यांवर काळा चष्मा, मनगटावर घड्याळ असा माझा थाट. परत आल्यावर या बाईंनी, म्हणजे मीच, शाळेच्या वार्षिकात प्रवासवर्णन लिहिलं. त्यात एक वाक्य असं होतं: "मुरबाड हे घाटाच्या पायथ्याशी वसलेले एक लहानसे गाव असून तेथे विशेष प्रेक्षणीय असे काही नाही." गाडी मुरबाडला थांबली तेव्हा बाई खिडकीला डोकं टेकून घोरत होत्या, हे मात्र लेखात आलं नाही. ती बाई मला आज भेटली तर तिचा अंबाडा मी स्वतः सोडीन.

आसनगाव, शहापूर

कल्याणहून लोकलने आसनगावला उतरले, तिथे व्याही घ्यायला आले होते. बारकूभाऊ त्यांचं नाव. उंच, वाळकुडे, डोक्यावर पांढरी टोपी आणि स्वभाव इतका भिडस्त की स्टेशनात मला पाहून नमस्कार केला तो माझ्या पिशवीला. आमच्याकडे व्याही-विहीण भेटले की टोमण्यांची जुगलबंदी ठरलेली. मी तयारीत होते. पण हा माणूस मान वर करेल तर ना!

शहापूरला उतरून आम्ही जीप बदलली. मधल्या वेळात मला वडापाव खायचा होता. बारकूभाऊ घाबरले. मुलाची आई रस्त्यावर उभी राहून वडापाव खाणार आणि कुणी पाहिलं म्हणजे? शेवटी त्यांनी तो कागदात बांधून आणला आणि मी जीपमध्ये, पदराआड, चोरट्या मुलीसारखा खाल्ला. फार झणझणीत होता.

भात कापून झालेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रिकामी खाचरं, त्यात कुठे कुठे वालाची कोवळी हिरवळ आणि मध्ये पेंढ्याचे उंच उंच उडवे. आमच्या सोलापूरकडे या दिवसांत शाळू डोक्याएवढा उभा असतो. इथे जमीन बाळंतिणीसारखी मोकळी होऊन ऊन खात पडलेली. मी बारकूभाऊंना म्हटलं, "काय सुंदर आहे हो तुमच्याकडे!" ते म्हणाले, "हा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घरी जरा तरास हाय, विहीनबाई. म्हस हरवलीय."

यमुनाबाईंचं अंगण

म्हशीचं नाव चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून. आदल्या दिवशी संध्याकाळी जनावरं रानातून परत येत असताना रस्त्यावर वरात लागली, फटाक्यांची माळ फुटली आणि चांदणी उधळली ती उधळलीच. बाकीची गुरं घरी आली. ही नाही. घरात तिची तीन आठवड्यांची पारडी. तुम्हा शहरातल्यांसाठी सांगते, म्हशीचं मादी पिल्लू म्हणजे पारडी. ती आईशिवाय कशालाच तोंड लावत नव्हती. गाईचं दूध बोटाने चाटवलं, बाटलीने पाजलं. सगळं ओठांच्या कडेने खाली.

यमुनाबाई म्हणजे माझ्या विहीणबाई. ठेंगण्या, गोल, हाताला जोर असा की दार उघडलं तर बिजागऱ्या दचकतात. ही म्हैस त्यांची स्वतःची. वर्षाची असताना आणली आणि हाताने वाढवली. सासऱ्यांची जमीन, नवऱ्याचे बैल, मुलाची मोटारसायकल. त्या घरात यमुनाबाईंचं म्हणावं असं एवढं एकच होतं. डोळे रडून सुजलेले, तरी मला पाहताच त्यांनी पायांवर पाणी घातलं, पाट मांडला, ओवाळलं.

"तुमी पयल्यांदा आल्या आनि घरात ही अवकळा," त्या म्हणाल्या.

"अहो, मी काही पाहुणी आहे का? मलाही काम सांगा."

"वरमायनं काम करायचं? तुमी बसा."

बसा! दोन दिवसांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की मला मुळं फुटतील असं वाटलं. पाण्याचा तांब्या उचलू गेले, बसा. भांडं विसळू गेले, बसा. मी मुलाची आई, म्हणून मला चूक दाखवायची नाही, नाही म्हणायचं नाही, माझ्या ताटातलं संपू द्यायचं नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि वर कांदा घालून केलेली सुकट. मी खात राहिले, त्या वाढत राहिल्या आणि गोठ्यातून पारडी बारीक आवाजात ओरडत राहिली. तो आवाज ऐकू आला की यमुनाबाईंचा हात वाढता वाढता थांबायचा.

दोष माझाच म्हणा. लग्नात मला स्टीलच्या पेल्यातून चहा दिला, कपबशी दिली नाही, म्हणून मी मांडवात तोंड फुगवून बसले होते. माझी मनधरणी करायला सहा बायका लागल्या. यमुनाबाईंनी तेव्हापासून या वरमायचा धसकाच घेतला असणार. या वेळी मला चहा कपबशीतून मिळाला, आणि बशीखाली आणखी एक बशी!

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई डोंगराच्या अंगाच्या वाडीवर म्हशीचा तपास करायला गेल्या. घरात मी एकटी. अंगणातलं खळं अर्धवट सारवलेलं होतं, शेणाची बादली तिथेच पडलेली. म्हटलं, बाईच्या डोक्याला एवढा घोर, आपण हे तरी उरकू. लहानपणी मी आजीबरोबर सारवायला बसायचे. बसायचे म्हणजे बसूनच असायचे, सारवायची आजी. हे मला बादली हातात घेतल्यावर आठवलं. तिसऱ्या हाताला पाय सरकला आणि मी त्या ओल्या शेणात अशी बसले की आवाज शेजारी गेला असावा.

माझी एक साडी यमुनाबाईंनी पहाटेच धुऊन वाळत घातली होती, ती ओलीच. दुसरी आता शेणाची. तिसरी रेशमी, परतीच्या प्रवासासाठी जपलेली. आणि बाहेर बारकूभाऊ खाकरत उभे. बाजाराचा दिवस होता, ते मुरबाडला म्हशीची चौकशी करायला निघाले होते आणि मीही येते म्हणून आदल्या रात्री हट्ट केला होता. हातपाय धुतले. गोठ्याच्या दाराशी खुंटीला एक जांभळी साडी लोंबत होती, पिवळ्या फुलांची. यमुनाबाईंची रोजची असेल. थोडा वास होता तिला. म्हटलं, गावच्या साडीला गावचा वास, आणि नेसले.

बारकूभाऊंनी मला पाहिलं. तोंड उघडलं. तोंड मिटलं. मान खाजवली. आभाळाकडे पाहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. चला."

मुरबाड, बाजाराचा दिवस

जीपमध्ये माणसं इतकी कोंबलेली की एकजण बाहेर लटकून आतल्या माणसाचा हात धरून होता. तरी माझ्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी! मी मनात म्हटलं, वा, काय ही माणसांची रीत, वयाचा मान कसा राखतात. समोरची बाई नाकाला पदर लावून बसली होती. तिला सर्दी झाली असावी असं मी धरून चालले.

आणि मुरबाड! काय सांगू तुम्हाला! विशेष प्रेक्षणीय काही नाही म्हणे! रस्ता एक आणि त्यावर सगळंच. एसटी वळायला बघतेय, तिच्या तोंडासमोर केळ्यांची हातगाडी. जीपवाले "कल्याण, कल्याण, कल्याण" असे ओरडताहेत, जणू ते गाव आत्ता सुटून जाईल. मोबाइलच्या दुकानातून गाणं आणि शेजारच्या दुकानातून त्यावर चढलेलं दुसरं गाणं. रस्त्याच्या कडेने बायका ओळीने बसलेल्या: वालाच्या शेंगा, सुक्या बोंबलांच्या जुड्या, कंदमुळं, रानातली शिकेकाई, कुणाच्या पुढ्यात पाय बांधलेला कोंबडा रागाने सगळ्यांकडे बघणारा. रसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं छुम छुम वाजताहेत. मला तर कुठे बघू आणि कुठे नको झालं.

बारकूभाऊ कोंडवाड्यात चौकशी करायला गेले. मी वालाच्या शेंगा विकणाऱ्या एका म्हातारीसमोर वाकले. शेंगा हिरव्यागार, फुगीर.

"कोवळ्या आहेत का गं?"

"तुज्या दातानं खाशील, एवड्या."

"माझे दात तू पाहिलेस कुठे?"

ती हसली. तिला एकच दात होता. आमचं छान जमलं. मी शेंगा निवडत होते, एवढ्यात माझ्या पाठीवर गरम श्वास आला. गर्दीत काही माणसांना अंतर कळत नाही. मी मागे न बघता, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हटलं, "जरा मागे सरका. बाईमाणूस उभं आहे, दिसत नाही?"

श्वास सरकला नाही. उलट खांद्याला काहीतरी ओलं, गार, मऊ लागलं. मी समोर पाहिलं तर म्हातारीचा तो एक दात मला पूर्ण दिसत होता, इतकं तिचं तोंड उघडलेलं. मी वळले.

डोळा! एवढा मोठा काळा डोळा मी आयुष्यात इतक्या जवळून पाहिलेला नव्हता. त्यात मी, एवढीशी, अख्खी. त्याच्या वर शिंग, त्याच्याही वर आभाळ. तीस वर्षं मी पाचवीच्या मुलांना सांगत आले की म्हैस हा उपयुक्त पण मंद प्राणी आहे. फळ्यावर चित्र काढायचे, शेपटीला बाण करून नाव द्यायचे. आणि प्रत्यक्ष म्हैस वीतभर अंतरावर आल्यावर मला एकच उपयुक्त गोष्ट सुचली. मी पळाले.

लोक सांगतात, म्हातारी बाई जीव घेऊन पळाली. खोटं आहे. मी जीव तिथेच टाकून पळाले. एक चप्पल शेंगांच्या ढिगात, पिशवी केळ्यांच्या गाडीखाली. मी डावीकडे वळले, म्हैस डावीकडे. मी उजवीकडे, तीही उजवीकडे. एसटीच्या समोरून गेले, ड्रायव्हरने भोंगा धरला तो सोडलाच नाही. "आजी, पला! पला!" कुणीतरी मोबाइल वर धरून ओरडत होतं. शेवटी एका कपड्याच्या दुकानाच्या पायऱ्या चढून मी आत घुसले आणि गाद्यांच्या थप्पीमागे उभी राहिले. म्हशीने पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले, मान लांब करून आत घातली आणि माझ्या पदराचं टोक चाटायला लागली.

दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "आजी, तुमची म्हस भायेर बांदा."

"माझी नाही हो ती!"

"मग तुमालाच का चाटते? मी बसलोय ना हितं."

तेवढ्यात गर्दी हटवत दोन माणसं आली. एकाच्या हातात दोरखंड, दुसऱ्याच्या हातात भुश्याची टोपली. बाहेर फळ्या लावलेला टेम्पो उभा. "सरा, सरा. आमची म्हस हाय. चढवताना सुटली." त्यांनी दोर तिच्या शिंगांवर टाकला. म्हैस फुत्कारली, मान झटकली आणि दोरासकट आणखी एक पायरी वर आली. माझ्याकडे!

तेव्हाच बारकूभाऊ पोचले. हातातली पिशवी खाली पडली. "चांदने!" ते ओरडले. मी दोन दिवसांत त्यांचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. चांदणीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत माझा पदर चाटायला घेतला.

"ही आमची म्हस हाय, आनि या आमच्या विहीनबाई," बारकूभाऊ म्हणाले.

"तुमची? तुमाला तर वळखत पन नाय!" टोपलीवाला हसला. लोकही हसले.

"घरात माजं कोन ऐकतंय, ती ऐकंल?" बारकूभाऊ म्हणाले, आणि या वेळी लोक आणखी मोठ्याने हसले. पण पुरावा कुठून आणणार? चांदणीच्या कानातला सरकारी बिल्ला कधीच झुडपात फाटून पडलेला. नुसतं भोक राहिलेलं. सांगायला नावाखेरीज काही नव्हतं, आणि नाव काय, कुणीही सांगेल. यमुनाबाईंना फोन लावला, तर वाडीवर रेंज नाही.

रस्त्यावरची वाहतूक सांभाळणारा गार्ड घामाने डबडबून आला. मागे एसटीचा भोंगा अजून चालूच. तो म्हणाला, "माजा रस्ता मोकला करा आदी. म्हस कोनाची ते तिलाच इचारा. तुमी दोगं तिकडं हुबं राहा, हाका मारा. ही आजी इकडनं चालंल. ज्याच्यामागं जाईल त्याची."

"मी?" मी म्हटलं.

"तुमीच. आतापरेंत पलालात ना? आता चाला."

पळणं सोपं असतं हो. चालणं कठीण. मी गाद्यांमागून बाहेर आले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. गार्डने दोर सोडवायला लावला. पायऱ्या उतरले. टोपलीवाल्याने भुसा वाजवला, "ये ये ये, हुर्र हुर्र" केलं. चांदणीने भुश्याचा वास घेतला. दोन दिवसांचं उपाशी जनावर ते. मला वाटलं, गेली. बारकूभाऊंनी डोळे मिटून घेतले. मी मागे न बघता पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. आणि मागून खूर वाजले. टप, टप. अगदी माझ्या टाचेशी.

बाजाराने जी आरोळी ठोकली ती माळशेजवर ऐकू गेली असेल! रसवाल्याने घुंगरं वाजवली. टेम्पोवाला म्हणाला, "बेवारस वाटली म्हनून कोंडवाड्यात नेत होतो, आमचं काय?" आणि टेम्पो वाट मिळेल तिथून निघून गेला. खरं काय ते त्यांना ठाऊक.

"पण हिने मला का धरलं?" मी बारकूभाऊंना विचारलं.

ते पुन्हा आभाळाकडे पाहायला लागले. शेवटी त्यांच्या तोंडून निघालं. यमुनाबाई रोज एकच साडी नेसून धार काढतात. ती घरात आणत नाहीत, साबण लावत नाहीत. म्हशीला तो वास ओळखीचा. त्याशिवाय ती कुणाला कासेला हात लावू देत नाही, पान्हाही सोडत नाही. एकदा यमुनाबाई तापाने पडल्या तेव्हा खुद्द बारकूभाऊंनी ती साडी गुंडाळून धार काढली होती. हे ऐकून शेंगांवाल्या म्हातारीने, तीही गर्दीत येऊन उभी होती, कपाळावर हात मारला.

"अहो, मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"वरमायला कसा सांगनार, का तुमी गोट्यातली साडी नेसलाव म्हनून?"

जीपमधली ती मोकळी जागा आणि समोरच्या बाईची सर्दी, दोन्हींचा उलगडा मला एकदमच झाला.

हसणं संपलं तेव्हा बारकूभाऊ खाली वाकून पाहत होते. चांदणीची कास ढोलासारखी ताणलेली, सडं उभी, लालसर. दोन दिवस धार नाही. त्यांनी हात लावला तर लाथ अशी बसली की टोपी उडाली. "कास दगड झाली तर गेली," ते म्हणाले. "दूद आटंल. मग पारडीला काय पाजायचं? इतका चालवत न्यायची म्हंजे..." त्यांनी प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. साडीकडे, म्हणजे.

मला कळलं. मला कळायला नको होतं.

चहावाल्याने पातेलं दिलं. मी बसले, म्हशीच्या पोटाखाली, मुरबाडच्या भर रस्त्यात, आणि सगळा बाजार माझा गुरू झाला.

"अंगठा मुडपा!"

"मुडपू नका, मूठ करा!"

"त्या बाजूनं बसा हो, उजव्या!"

"डाव्या!"

"पानी मारा कासंवर!"

"अगो, बोल तिच्याशी, बोल कायतरी," म्हातारी म्हणाली.

काय बोलणार? मी पाणी लावलं, हात ठेवला. गरम, ताठ, आतून काहीतरी धडधडणारं. मी म्हटलं, "हे बघ बाई चांदणे, मी तुझी यमुना नाही. मी सोलापूरची. मला काही येत नाही. पण घरी तुझी पोरगी ओरडतेय." आणि मूठ मिटली. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा चांदणीने मोठा उसासा टाकला, पाठ सैल सोडली आणि पांढरी चिळकांडी थेट माझ्या चष्म्यावर! मग पातेल्यात. छुर्रर्र. तुम्ही काहीही म्हणा, सत्तरी ओलांडल्यावर असा आवाज आपल्या हातून निघणं म्हणजे! दोन्ही मनगटं पेटली, बोटं वाकडी झाली, पण मी थांबेना. चहावाला पातेलं घ्यायला पुढे आला तर म्हातारीने त्याला हाणलं, "त्याचा चहा नको करू रे, कासंत तापलेला हाय. कुत्र्यांना घाल." आणि मला म्हणाली, "पुरे, पुरे. सगला नको काढू. पोरीला ठेव."

दोन कोस, चालत

चांदणीला टेम्पोत घालायला कुणी धजेना, तीही तयार नव्हती. तेव्हा मी पुढे, मागे म्हैस, तिच्या मागे फोक घेऊन बारकूभाऊ, अशी आमची वरात निघाली. म्हातारीने माझी पिशवी शोधून दिली आणि स्वतःच्या रबरी चपलाही दिल्या. मोठ्या होत्या, फटफट वाजत होत्या. माझे गुडघे? ऐन वेळी दुखायला विसरले.

गाव मागे पडलं. सागाची झाडं, पेंढ्याचे उडवे, वालाच्या वेलींवर उतरतं ऊन, लांब घाटाची निळी भिंत. मोटारसायकलवरची पोरं हळू होऊन विचारायची, "आजी, नवीन घेतली का?" मी म्हणायचे, "हिनेच मला घेतलंय!" दर थोड्या वेळाने पाठीवर तो गरम श्वास यायचा, मी दचकायचे आणि मग दचकल्याबद्दल तिची माफी मागायचे. मध्ये ती एका ओहोळात जाऊन बसली. उठेना. मग मीही पाय सोडून काठावर बसले. बारकूभाऊ रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. पारडी सकाळी मानही उचलत नव्हती, एवढंच बोलले. ते ऐकून मी उठले आणि फटफट चालायला लागले, तेव्हा ती उठली.

ऊन पिवळं झालं तेव्हा आम्ही अंगणात पोचलो. ओरडण्याचा आवाज येत नव्हता. यमुनाबाई गोठ्यात जमिनीवर बसलेल्या, पारडीचं डोकं मांडीवर, हातात चमचा. त्यांनी वर पाहिलं. आधी चांदणी, मग मी, मग साडी. चमचा खाली ठेवून त्यांनी पारडीच्या पोटाखाली हात घातले आणि तिला उभं करायला गेल्या. चारी पाय ओल्या सुतासारखे दुमडले. पुन्हा उचललं, पुन्हा दुमडले. चांदणी मान खाली घालून तिला हुंगत होती, नाकाने ढकलत होती, घशातून खोल आवाज काढत होती. बारकूभाऊ पुढे झाले तर तिने पाय उगारला.

मी सवयीने दाराशी उभी राहिले. बसा म्हणतील, म्हणून.

"बगतंस काय गो हुबी राहून?" यमुनाबाई माझ्यावर ओरडल्या. "ये हिकडं! मागनं धर तिला!"

मी गेले. शेणात गुडघे टेकले, त्या एवढ्याशा काळ्या अंगाला मागून मिठी मारली. हाताला फासळ्या लागत होत्या. यमुनाबाईंनी पुढून तोंड धरलं, सड तिच्या ओठांत घातलं, पिळलं. दूध हनुवटीवरून गळून गेलं. पुन्हा पिळलं.

"वर उचल! आनखी! जोर नाय काय तुला?"

मी दात ओठ खाऊन उचललं. पारडीच्या घशात काहीतरी हललं. एक घोट. मग काहीच नाही. मग दुसरा. मग तिने डोकं मागे घेतलं आणि कासेला ढुशी दिली. कमजोर, पण ढुशी. चांदणीने पाय रोवले, पाठ सैल केली. पारडीच्या तोंडाच्या दोन्ही कडांना फेस आला, आणि माझ्या छातीशी दाबून धरलेलं ते ओलं शेपूट हलायला लागलं. आधी जरासं, मग फटाफट माझ्या तोंडावर!

यमुनाबाई हसत होत्या की रडत होत्या, मला अजून सांगता येणार नाही. बाहीने नाक पुसत त्या म्हणाल्या, "सोडू नको गो अजून."

मी कुठली सोडतेय!